फडाचा जुना बंधारा दुरुस्त करताय? या चुका टाळा

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर फड पद्धतीचे बंधारे आहेत. पद्धत तीन-चारशे वर्षांची. दगड-चुन्याचा बंधारा, त्याच्या कडेने निघालेला कालवा, कालव्यातून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतात जाणारे सारंग आणि जादा पाणी नदीत परत सोडणारे सांडम. खालच्या कायम बागायतीचे साधारण चार भाग, म्हणजे फड, आणि एका फडात एकच पीक. काही ठिकाणी हे अजून चालते. बाकी ठिकाणी बंधारा नुसता उभा आहे आणि कालव्यात वेड्या बाभळी माजल्यात. अशा गावात दुरुस्तीची बैठक बसली की पहिली सूचना ठरलेली असते: "आणखी दोन फूट उंची वाढवू, पाणी जास्त थांबेल."

घोळ तिथेच सुरू होतो. हा बंधारा पाणी वळवायला बांधलेला आहे, साठवायला नाही. नदीची पातळी कालव्याच्या तोंडाइतकी उचलली की त्याचे काम झाले. उंची वाढवली की मागे पाण्याआधी गाळ साठतो आणि दोन-तीन पुरांत कालव्याचे तोंडच बुजते. शिवाय मोठ्या पुराला वरून जायला जागा कमी पडली, तर नदी बाजूची मातीची कड फोडून निघून जाते. मग बंधारा कोरडा आणि नदी शेजारच्या शेतातून. जुन्या लोकांनी माथ्याची पातळी अंदाजाने ठेवलेली नव्हती. ती बदलायचीच असेल तर आधी कालव्याच्या तळाची आणि पूररेषेची पातळी मोजून घ्या.

दुसरी चूक जेसीबीची. नदी "पुनरुज्जीवित" करायची म्हणजे पात्र खोल करायचे, असे आपल्याकडे जणू ठरूनच गेले आहे. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला पात्र खोल केले किंवा वाळू उपसली की पायथ्याचा आधार जातो. वरून पडणारे पाणी तिथे डोह खणते, पाया उघडा पडतो आणि पुढच्या पुरात दगड निसटू लागतात. काही बंधारे कातळावर बसलेले आहेत, त्यांना हा धोका कमी. पण बंधाऱ्याचा सगळा पाया कातळावरच असतो असे नाही, आणि खचतो तो नेमका मुरमावरचा तुकडा. म्हणून काम पायथ्यापासून सुरू करा. पायथ्याला मोठे दगड नीट बसवा, मग अंगातली भगदाडे, माथा सगळ्यात शेवटी. गावात बहुतेक वेळा उलटे होते, कारण माथा फोटोत दिसतो.

गळती शोधताना घाई नको. बंधाऱ्याखालून स्वच्छ पाणी झिरपत असेल तर लगेच घाबरायचे कारण नाही. गढूळ येत असेल तर आतली भर वाहून जाते आहे, ते काम आधी. तोंड सापडत नसेल तर वरच्या अंगाला संथ पाण्यावर लाकडाचा भुसा टाका. तो जिथे ओढला जातो, तिथेच भोक आहे.

आणि ती गळती सिमेंटच्या गिलाव्याने झाकू नका. चुन्याचे बांधकाम थोडे हलते, ओल घेते आणि सोडते. सिमेंटचा कडक थर त्याच्याबरोबर हलत नाही. त्याला तडे जातात, पाणी मागे अडकते आणि वरून गुळगुळीत दिसणारा बंधारा आतून पोकळ होतो. दरजा, म्हणजे दगडांमधले सांधे, आधी खरवडून साफ करा, चुना आणि सुरखी (विटांची भुकटी) वापरा. चुना सावकाश आवळतो, त्यामुळे मे महिन्यात काम काढून चालत नाही. नदीचे पाणी उतरले की फेब्रुवारी-मार्चमध्येच सुरुवात हवी. दगडांच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर त्याला ओढून काढू नका, मुळाबरोबर चार दगड येतात. वरून नुसता छाटला तर पुन्हा फुटतो. रोप लहान असतानाच मुळासकट सोडवून दुसरीकडे लावावे. (पिंपळाला हात लावायला कोणी तयार होत नाही, त्यावर हाच तोडगा चालतो.)

कालव्याच्या तोंडाशी साचलेला गाळ दरवर्षी उपसून काठावरच टाकायचा, हीही नेहमीची गोष्ट. पहिल्या पुरात तो परत तिथेच. बंधाऱ्याला गाळमोरी, म्हणजे गाळ खाली सोडायची मोरी, असेल तर आधी ती मोकळी करा. पुराचे गढूळ पाणी असताना कालव्याचे तोंड बंद आणि गाळमोरी उघडी ठेवा, म्हणजे नदी निम्मे काम स्वतःच करते.

अस्तरीकरणाचा मोह आवरा. कालवा जिथे भरावावरून किंवा मुरमातून जातो तिथे अस्तर द्या. सगळा कालवा सिमेंटचा केला तर कडेच्या विहिरी उतरतात, आणि मग ज्यांच्या त्या विहिरी आहेत तेच लोक कालवा फोडायला येतात.

नदीबद्दल एक गोष्ट बैठकीत कोणी बोलत नाही. हे बंधारे एकाखाली एक आहेत. वरच्या बंधाऱ्यातून झिरपलेले, सांडमातून परत आलेले पाणी हीच खालच्या गावाची आवक. आपला बंधारा थेंबही सुटणार नाही असा बंद केला, तर खालचा फड कोरडा पडतो आणि मधले पात्रही. आराखडा काढण्याआधी खालच्या गावाला बोलवा.

शेवटी पाटकरी. दुरुस्तीच्या अंदाजपत्रकात दगड, चुना, मजुरी सगळे असते, पाणी वाटणाऱ्या माणसाचा पगार नसतो. घरोघरी विहीर आणि मोटर आल्यापासून चारी साफ करायला कोणी येत नाही, हेही खरे. शेतकऱ्यांकडे सिंचनाचे व्यवस्थापन देणाऱ्या राज्याच्या 2005 च्या कायद्याखाली पाणी वापर संस्था करता येते. ती दगड आणायच्या आधी करा, आणि पहिल्याच बैठकीत कोणत्या फडात कोणते पीक हे लिहून घ्या.