माळ्यावरचे जुने संगणक ऑफिसने मोडीत कसे काढावेत

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नियमित अपडेट बंद केले आणि गावोगावच्या पतसंस्था, सीए फर्म, दवाखाने, छोट्या कारखान्यांमधले चालते संगणक एका दिवसात 'जुने' झाले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप) लागतं आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. ज्यांत हे नाही ती यंत्रं आता माळ्यावर किंवा जिन्याखाली जाऊन बसली आहेत. साफसफाई निघाली की कुणीतरी म्हणणारच, "भंगारवाल्याला बोलवून टाका." त्याआधी करायची कामं क्रमाने सांगतो. डोळ्यांसमोर तीस-चाळीस संगणकांची पतसंस्था ठेवली आहे, पण क्रम सगळ्यांना तोच लागू पडेल.

१. डेडस्टॉक रजिस्टर उघडा

माळ्यावर काय आहे आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, काय आहे, हे सहसा जुळत नाही. रजिस्टर हातात घेऊन एकेक नग मोजा आणि प्रत्येकाचा सीरियल नंबर लिहा. सीपीयूच्या डब्यावरचा नंबर पुरेसा नाही, डबा उघडून आतल्या हार्ड डिस्कच्या लेबलवरचा नंबरही लिहा. पुढे सगळा हिशोब याच नंबरावर चालणार आहे. डबा उघडलाच आहे तर मागच्या यूएसबी खाचा तपासा. डिजिटल सहीचा टोकन तिथेच अडकून राहिलेला असतो आणि तो महिनाभर शोधून शेवटी नवा काढलेला असतो. टॅली या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्या यंत्रावर असेल तर ते सरेंडर करूनच यंत्र बंद करा.

यादी झाली की निर्लेखनाचा, म्हणजे वस्तू रजिस्टरमधून कमी करायचा, ठराव संचालक मंडळासमोर ठेवा. हिशोबी किंमत शून्यावर आली म्हणजे वस्तू रजिस्टरमधून आपोआप गेली असं होत नाही. कंपनी कायद्यात साध्या संगणकाचं आयुष्य ३ वर्षं आणि सर्व्हरचं ६ वर्षं धरलेलं आहे, पण यंत्र बिचारं त्यानंतरही चालतच असतं. विक्रीवरचा जीएसटी आणि आधी घेतलेलं इनपुट क्रेडिट यांबद्दल सीएला आत्ताच विचारा, टेम्पो निघून गेल्यावर नको.

२. चालणारं यंत्र भंगारात घालू नका

सहा-सात वर्षांच्या संगणकात एसएसडी (तबकडीऐवजी चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) आणि थोडी जास्त रॅम घातली की तो काउंटरच्या किरकोळ कामाला पुन्हा उभा राहतो. विंडोज ११ चालत नसेल तर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चालेल. पावत्या टाइप करायला आणि ब्राउझर उघडायला एवढं पुरतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेला देणं हा दुसरा चांगला मार्ग. मात्र माउस नाही, मॉनिटरची केबल नाही, चालू होतो की नाही ठाऊक नाही, असं यंत्र दान करणं म्हणजे आपला कचरा शाळेच्या माळ्यावर हलवणं. चालू करून, पुसून, नवी प्रणाली घालून, सोबत देणगीचं पत्र देऊनच पाठवा.

३. डेटा काढा, आणि तो आपल्या ऑफिसातच काढा

या पायरीवर बहुतेक जण घाई करतात, म्हणून थोडं सविस्तर. पतसंस्थेच्या एका डिस्कवर काय असतं? सभासदांची आधार आणि पॅनची स्कॅन, कर्जाचे अर्ज, जामीनदारांचे पत्ते, सह्यांचे नमुने. 'डिलीट' किंवा साधं फॉरमॅट केल्याने हे जात नाही. खातेवहीची अनुक्रमणिका फाडली म्हणून आतली खाती पुसली जात नाहीत, तसंच. फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरने अशा फायली परत काढता येतात.

हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, म्हणजे फिरत्या तबकडीची असेल, तर ती पूर्ण एकदा नव्या माहितीने भरून टाकणं सामान्य ऑफिससाठी पुरेसं आहे. पस्तीस वेळा पुसायचा सल्ला फार जुन्या डिस्कसाठी होता. विंडोजच्या 'रीसेट' मध्ये 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडून पुढे 'क्लीन डेटा' चालू केलं, तर दान द्यायच्या यंत्रापुरतं काम भागतं. वेळ बराच लागतो, रात्री लावून ठेवा.

एसएसडीची गोष्ट वेगळी. ती स्वतःच ठरवते की माहिती कुठल्या चिपमध्ये लिहायची, त्यामुळे वरून पुन्हा लिहिलं तरी जुने तुकडे आत राहू शकतात. तिला निर्मात्याच्या सॉफ्टवेअरमधली किंवा बायोसमधली (यंत्र सुरू होतानाच्या सेटिंगमधली) 'सिक्युअर इरेज' आज्ञाच द्यावी लागते. ज्या यंत्रांवर पहिल्यापासून बिटलॉकर, म्हणजे डिस्कवरची माहिती किल्लीशिवाय वाचता येऊ न देणारी विंडोजची सोय, चालू होतं, तिथे काम आणखी सोपं, कारण किल्ली नष्ट केली की उरलेली माहिती वाचता येत नाही. नव्या यंत्रांवर ते आजच चालू करा, पाच वर्षांनी स्वतःलाच धन्यवाद द्याल.

बिघडलेली डिस्क पुसता येत नाही, ती फोडावी लागते. तबकडीच्या डिस्कला ड्रिलने तीन-चार आरपार भोकं पाडली तर चालतं. एसएसडीला तसं करून भागत नाही, कारण भोक चिपच्या शेजारून गेलं तर चिप शाबूत राहते. तिचा श्रेडरमध्ये भुगाच करून घ्यावा. काही रिसायकलर ऑफिसच्या दारात गाडी आणून, तुमच्या डोळ्यांदेखत हे करून देतात.

डिस्क फक्त संगणकातच असते असं नाही. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये ती असू शकते, आणि स्कॅन केलेली, छापलेली पानं तिच्यावर साठलेली असू शकतात. भाड्याचं मशीन परत देताना सर्व्हिस इंजिनिअरकडून ती पुसल्याचं लेखी घ्या. सीसीटीव्हीचा डीव्हीआर (चित्रण साठवणारा डबा), राउटर आणि ऑफिसचे मोबाइल हेही यादीत धरा. मोबाइल रीसेट करण्याआधी त्यातून गूगल किंवा ॲपलचं खातं काढा, नाहीतर पुढच्या माणसाच्या हातात तो कुलूपबंदच राहील.

हे सगळं दुसऱ्यावर सोपवून मोकळं व्हायची किंमत मॉर्गन स्टॅन्ली या अमेरिकी बँकेने मोजली. डेटा नष्ट करण्याचा काहीच अनुभव नसलेल्या, सामान हलवणाऱ्या एका कंपनीला त्यांनी हजारो डिस्क आणि सर्व्हर मोडीत काढायला दिले. त्यातली काही उपकरणं ग्राहकांच्या माहितीसकट ऑनलाइन लिलावात विकली गेली. अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने सप्टेंबर २०२२ मध्ये ३.५ कोटी डॉलर दंड लावला, तो मॉर्गन स्टॅन्लीला. आपल्याकडच्या २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही काम कुणालाही दिलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्या संस्थेचीच राहते, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

४. खरा रिसायकलर ओळखा

भंगारवाला जास्त भाव देतो, हे खरं आहे. त्याला तो परवडतो, कारण रॅम, प्रोसेसर आणि चालणारे भाग तो जुन्या बाजारात विकतो. वायर जाळून तांबं काढलं जातं, सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवून सोनं काढलं जातं. उरलेलं कुठे गेलं हे कुणी विचारत नाही. दिल्लीच्या सीलमपूरमध्ये आणि मुरादाबादेत रामगंगेच्या काठावर हे प्रकार वर्षानुवर्षं चालत आले. जुन्या डबा-मॉनिटरच्या काचेत शिसं असतं, जुन्या एलसीडीच्या मागच्या नळ्यांत पारा असतो. नोंदणी असलेल्या कारखान्याला धूर आणि सांडपाणी स्वच्छ करायचा खर्च येतो, म्हणून त्याचा भाव कमी. नगामागे थोडे पैसे कमी मिळणार, हे संचालकांना आधीच सांगून ठेवा.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. सूचीतल्या १०६ प्रकारच्या वस्तूंपैकी किमान १,००० नग आर्थिक वर्षात कधीही वापरात असतील तर तुम्ही 'मोठे ग्राहक' ठरता, आणि ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुनी यंत्रं दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलरलाच द्यावा लागतो. सूचीत फक्त संगणक नाहीत. प्रिंटर, फोन, फ्रिज, एसीही आहेत, त्यामुळे अनेक शाखांच्या संस्थेने बेरीज एकदा करून बघावी. छोट्या ऑफिसवर ही सक्ती नसली तरी रिसायकलर नोंदणीकृतच शोधा.

तपासणी अशी करा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नाव शोधा, मग महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं संमतीपत्र मागा आणि त्यावरची मुदत व पत्ता वाचा. पुष्कळदा माल न्यायला येणारा फक्त गोळा करणारा असतो आणि दाखवतो दुसऱ्याचं प्रमाणपत्र. अशा वेळी त्या कारखान्याचं अधिकारपत्र मागा आणि बिल कारखान्याच्याच नावाने घ्या. टाळाटाळ झाली तर दुसरा बघा. शक्य असेल तर कारखान्यावर एक चक्कर मारा, खरा रिसायकलर सहसा नाही म्हणत नाही.

५. टेम्पोच्या दिवशी

यादीच्या दोन प्रती ठेवा आणि नग गाडीत चढताना एकेक टिक करा. वजन आणि नग दोन्ही चलनावर लिहून घ्या, गाडीचा नंबरही. यूपीएसच्या बॅटऱ्या या गठ्ठ्यात घालू नका. त्यांना बॅटरी कचरा नियम २०२२ लागू होतात, आणि नवी बॅटरी घेताना दुकानदार जुनी परत घेतो. फुगलेली लॅपटॉप बॅटरी दाबू किंवा टोचू नका, पेट घेऊ शकते. वेगळ्या डब्यात ठेवून रिसायकलरला आधी कळवा.

६. प्रमाणपत्र आल्यावर

रिसायकलिंगचं आणि डेटा नष्ट केल्याचं अशी दोन प्रमाणपत्रं मागा. 'अंदाजे ४०० किलो ई-कचरा' एवढंच लिहिलेलं असेल तर परत पाठवा, सोबत सीरियल नंबरांची यादी हवी. ती आपल्या यादीशी ताडून पाहा. एखादी डिस्क कमी भरली तर त्याच दिवशी लेखी विचारा. जुळलं की डेडस्टॉक रजिस्टरमध्ये प्रत्येक नगासमोर ठराव क्रमांक आणि चलन क्रमांक टाकून ओळ बंद करा आणि फाइल ऑडिटरला सापडेल अशा जागी ठेवा. नव्या संगणकांची ऑर्डर निघत असेलच, तर 'जुना माल विक्रेत्याने परत न्यावा' ही अट त्याच ऑर्डरमध्ये लिहून टाका. ब्रँडेड कंपन्यांना ई-कचरा रिसायकल करायची उद्दिष्टं गाठावीच लागतात, त्यामुळे ही मागणी त्यांना नवी नाही.