सीटपोस्ट खाली घसरतो, तेव्हा हाताशी काय असावे

सायकलच्या कार्बन फायबरच्या फ्रेममधला सीटपोस्ट, म्हणजे सीट धरणारा दांडा, पन्हाळ्याच्या चढावर बोटभर खाली बसला की बोल्ट अजून थोडा आवळावा असे वाटते. पण घसरण्याचे कारण बहुधा कमी झालेले घर्षण असते, आणि ते वाढवण्याचे सामान जमल्याशिवाय बोल्टला हात लावू नये.

पहिली नोंद उंचीची. क्रँकच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंतचे अंतर मोजून कागदावर लिहावे आणि पोस्ट फ्रेमच्या नळीत शिरतो तिथे इन्सुलेशन टेपचा वेढा द्यावा. व्यास मोजायला व्हर्नियर लागेलच. तो विकत घ्यायची गरज नाही, कोल्हापुरात उद्यमनगरात ओळखीच्या कोणत्याही वर्कशॉपमध्ये घटकाभर मिळतो. पोस्टचा व्यास 27.2, 30.9 किंवा 31.6 मिलिमीटर यांपैकी फ्रेमला हवा तोच आहे ना, हे आधी पाहावे, कारण मिलिमीटरच्या दोन दशांशांचा फरक कोणतीही पेस्ट भरून काढत नाही.

पुसण्यासाठी धागे न सुटणारे कापड आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल आणावे. घरातले सॅनिटायझर चालवू नये. त्यातल्या ग्लिसरीनचा थर मागे राहतो. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेला तांबडा चिखल पोस्ट आवळणाऱ्या क्लॅम्पच्या फटीतून आत जातो, म्हणून नळी आतूनही, कापड पांढरे निघेपर्यंत पुसावी. मग टॉर्चच्या उजेडात पोस्ट फिरवून पाहावा, आणि नख अडकेल अशी चीर दिसली तर काम तिथेच थांबवून पोस्ट बदलावा.

खरी वस्तू म्हणजे कार्बनच्या भागांसाठीची पेस्ट. तिच्यातले बारीक कण दोन्ही पृष्ठभागांत रुतून पकड देतात, त्यामुळे कमी ताणातही पोस्ट धरून राहतो. एका कामाला पाच ग्रॅमची पुडी पुरते. ग्रीस फक्त बोल्टच्या आट्यांना, तेही नावापुरते. नळीत अजिबात नाही.

टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट किती आवळला ते मोजणारा पाना, मात्र लहान मापाचाच हवा. मोटारीच्या नटांसाठीचा रेंच इथे कुचकामी, कारण आपल्याला बहुधा 5 न्यूटन-मीटरच्या आसपास थांबायचे असते. क्लॅम्पवर आणि पोस्टवर वेगवेगळे आकडे छापलेले असतील तर लहान आकडा पाळावा. लोखंडावर हात बसलेल्या गावात हाताच्या अंदाजावर भरवसा फार. कार्बन मात्र लोखंडासारखा वाकून इशारा देत नाही, थेट तडकतो. क्लॅम्पचे दोन्ही कान एकमेकांना टेकत असतील तर क्लॅम्पच चुकीचा आहे.

पोस्ट बाहेर असताना सायकल धरायला एक माणूस बोलवावा, कारण फ्रेमची नळी स्टँडच्या जबड्यात आवळणे धोक्याचे. पोस्ट परत घालताना त्याच्यावरची किमान खोलीची रेघ नळीच्या आत गेली पाहिजे.

पहिल्या फेरीला ॲलन की आणि तो छोटा रेंच खिशात ठेवावा, आणि पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळला थांबून टेपचा वेढा जागेवर आहे का ते पाहावे.