दातांसाठी गावी येताय? आधी महिने मोजा
परदेशातली आपली लेकरं दिवाळीत छत्रपती संभाजीनगरला, लातूरला आली की दातांचं काम उरकून घेतात. तिकडच्या मानाने खर्च खूपच कमी. रूट कॅनाल आणि कॅप बहुतेकदा दोन आठवड्यांत होते. इम्प्लांटचं, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून लावायच्या नकली दाताचं, तसं नाही. टायटॅनियमचा स्क्रू हाडात पक्का धरायला साधारण ३ ते ६ महिने लागतात, कॅप बहुधा त्यानंतरच. म्हणजे विमानाचं तिकीट दोनदा. ते धरूनच हिशेब करा. आणि इम्प्लांटच्या डबीवरचं स्टिकर फाइलला चिकटवून मागाच. त्यावर कंपनी, साइज, लॉट नंबर असतो. उद्या तिकडे स्क्रू ढिला झाला, तर त्या एवढ्याशा कागदावाचून तिथला डॉक्टर हात लावायला कचरतो. एक्स-रेही मोबाइलमध्ये घ्या.