पत्र वाचलं कसं?

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामी संपवणाऱ्या सज्जनांना. त्या अर्पणपत्रिकेमुळेच मी अमेरिकेच्या यादवी युद्धाकडे (१८६१-६५) वळले आणि एम.ए.च्या प्रबंधासाठी सैनिकांची घरी लिहिलेली पत्रं घेतली. आता याच वाटेनं येणारे विद्यार्थी विचारतात, सुरुवात कशी करू? त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी अक्षर. कागद महाग, त्यामुळे एक पान लिहून झालं की ते आडवं फिरवून त्याच ओळींवर दुसरं पान लिहिलेलं असतं. दक्षिणेकडे तर भिंतीला लावायच्या कागदाच्या पाठीवरही पत्रं आहेत. विरामचिन्हं जवळजवळ नाहीत, शब्द कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. अडलं की मोठ्यानं वाचा, बहुतेक वेळा उलगडतं. पहिल्या सहामाहीत मी नक्कल करताना स्पेलिंग सुधारत गेले. त्यात त्या माणसांचा आवाजच पुसला गेला, आणि चाळीस पत्रं पुन्हा उतरवावी लागली. तुम्ही चुकीला हात लावू नका.

यापेक्षा मोठी गोष्ट मला उशिरा कळली. आपल्याकडे ‘वाचणं’चे दोन अर्थ आहेत आणि इथे दोन्ही लागतात. पत्र वाचायच्या आधी विचारायचं, की हे पत्र वाचलं कसं?

स्पॉट्सवुड राइसचं उदाहरण घ्या. मिसूरीतला हा गुलाम पळून केंद्राच्या, म्हणजे दक्षिणेविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या, सैन्यात भरती झाला. सप्टेंबर १८६४मध्ये सेंट लुईसच्या लष्करी इस्पितळातून त्यानं अजून गुलामीत असलेल्या आपल्या मुलींना पत्र लिहिलं: मी तुम्हाला विसरलेलो नाही, जीव गेला तरी तुम्हाला सोडवीन. दुसरं पत्र मुलगी मेरीच्या मालकिणीला, किटी डिग्जला. त्यात स्पष्ट बजावलं, की मुलं माझी आहेत आणि मी सैन्यासह येतो आहे. मी ही पत्रं पहिल्यांदा वाचली तेव्हा रडले. पण ती टिकली कशी? मुलींनी उशाशी जपून ठेवली म्हणून नाही. किटीच्या गावचा पोस्टमास्तर तिचाच भाऊ होता. त्यानं दोन्ही पत्रं संतापून मिसूरीतल्या केंद्राच्या फौजेचा प्रमुख जनरल रोझक्रान्स याच्याकडे धाडली आणि या माणसाला राज्याबाहेर काढा अशी मागणी केली. बापाची माया सरकारी दप्तरात राहिली ती तक्रारीचा पुरावा म्हणून. हे कळल्यावर मी प्रबंधाचं पहिलं प्रकरण नव्यानं लिहिलं.

तोच प्रश्न सगळीकडे लावून बघा. केंद्राच्याच सैन्यातल्या मेजर सलिव्हन बलूनं १४ जुलै १८६१ला बायकोला लिहिलेलं पत्र तुम्हाला लगेच भेटेल. आठवड्यानं बुल रनच्या लढाईत तो जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. पत्र फार सुंदर आहे, पण मूळ कागद हाती नाही, आपण वाचतो त्या नकला. एकेका शब्दावर इमला चढवू नका.

आणि बायकांची पत्रं कुठे आहेत? घरच्यांनी सैनिकाची पत्रं पेटीत ठेवली, सैनिकाजवळची मात्र पाठीवरच्या पिशवीत भिजली, कूच करताना टाकली गेली, किंवा परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून त्यानंच लढाईआधी जाळली. त्यामुळे बायकोचं म्हणणं नवऱ्याच्या उत्तरातून उकलावं लागतं. तो लिहितो, ‘गाय विकू नकोस’. म्हणजे तिनं विकायचं काढलं होतं. अशा जागा मी वेगळ्या वहीत उतरवते. माझ्या मते या विषयातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

आठवणींची तऱ्हा वेगळी. पत्र लिहिणाऱ्याला उद्याचं माहीत नसतं, आठवणी सांगणाऱ्याला सगळा शेवट माहीत असतो. राइसची मुलगी मेरी १९३७ साली, पंचाऐंशीव्या वर्षी, गुलामीतून सुटलेल्यांच्या आठवणी नोंदवणाऱ्या सरकारी प्रकल्पाच्या मुलाखतीत बोलली. तिचे शब्द कागदावर आले ते मुलाखतकाराच्या हातून, हेही ध्यानात ठेवा.

सुरुवात याच दोन कागदांनी करा. बापाचं मुलींना लिहिलेलं १८६४चं पत्र आधी, मोठ्यानं. मेरीचं कथन दुसऱ्या दिवशी. त्यात ती सांगते, की मला सैन्यातली माणसं आवडतात. वडील, भाऊ, नवरा, मुलगा, सगळे सैन्यात होते.