मधमाश्यांचा थवा दिसला, तर आधी मेण पाहावे

काल मोकळी असलेली फांदी आज मधमाश्यांच्या घोसाने वाकलेली दिसली, तर काहीही करण्याआधी दहा-पंधरा पावलांवरून त्या घोसात मेणाचे पोळे आहे का, ते पाहावे. पोळे नसेल आणि माश्या नुसत्याच एकमेकींचे पाय धरून लोंबकळत असतील, तर तो घर बदलायला निघालेला थवा आहे. वसाहतीत दाटी झाली की जुनी राणी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामकरी माश्या घेऊन बाहेर पडते आणि भरले घर नव्या राणीला सोडते. निघताना माश्या पोटात मध भरून घेतात, शिवाय राखायला अळ्या नसतात की साठा नसतो, त्यामुळे न डिवचता त्या सहसा डंख मारत नाहीत. पोळे दिसले, तर मात्र ते नांदते घर समजून लांबच राहावे.

थव्याच्या वरच्या थरात काही माश्या पोट थरथरवत इंग्रजी आठच्या आकड्यासारख्या फेऱ्या घेताना दिसतात. या शोधक माश्या आपण पाहून आलेल्या पोकळीची दिशा आणि अंतर या नाचातून सांगत असतात. ही भाषा उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिश यांना १९७३ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. शोधक माश्यांचे एका जागेवर एकमत झाले की थवा उडतो, कधी काही तासांत, तर कधी दोन-तीन दिवसांनी. तोवर मुलांना आणि जनावरांना दूर ठेवावे. पाणी किंवा धूर मारण्याचा सल्ला कुणीतरी हमखास देतो. तो ऐकू नये.

थवा अडचणीच्या जागी असेल, तर जाणत्या मधपाळाला बोलवावे. तो घोसाखाली खोके धरून फांदीला एकच जोरदार झटका देतो. राणी आत पडली असेल, तर खोक्याच्या तोंडाशी माश्या पोटाचे टोक वर करून पंख हलवतात आणि गंधाने मागे राहिलेल्यांना बोलावतात. नसेल, तर सगळ्या पुन्हा फांदीकडे वळतात. शोधक माश्या परतेपर्यंत, म्हणजे अंधार पडेपर्यंत, खोके तिथेच ठेवावे लागते.

डंख बसलाच, तर नांगी नखाने ताबडतोब खरवडून काढावी आणि तिथून दूर जावे, कारण तिच्या केळ्यासारख्या वासाने इतर माश्या चवताळतात. श्वास लागला, ओठ किंवा जीभ सुजली, चक्कर आली किंवा बरेच डंख बसले, तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे.