रिकव्हरी कोच म्हणून शुभार्थीसोबत काम कसे करावे

पुण्यातल्या स्वमदत गटांमध्ये मानसिक आजारासह जगणाऱ्या माणसाला 'रुग्ण' न म्हणता 'शुभार्थी' म्हणतात आणि त्याची काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर'. रिकव्हरी कोच, म्हणजे आजारातून सावरताना सोबत करणारा, या दोघांहून वेगळा असतो, आणि तो डॉक्टर किंवा समुपदेशकही नसतो. स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा वर्षानुवर्षांचे नैराश्य औषधोपचाराने बऱ्याच अंशी आटोक्यात येते. परंतु सकाळी उठून कशासाठी घराबाहेर पडायचे, हा प्रश्न गोळीने सुटत नाही. आजाराची लक्षणे आणि नोकरी, भाड्याचे घर व नातेवाईक यांच्या बंद झालेल्या दारांमुळे येणारी अडवणूक, या दोहोंतून मनोसामाजिक अपंगत्व तयार होते. कोचने शुभार्थीसोबत उभे राहून यातले एकेक दार पुन्हा उघडून पाहायचे असते. मात्र कोणते दार आधी उघडायचे, हे शुभार्थीनेच ठरवावे.

पहिली भेट शक्यतो घरी ठेवू नये. दिवाणखान्यात आई-वडील शेजारी बसलेले असतात आणि आपण मुलाला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आई देते. तिचा हेतू चांगलाच असतो, पण पंधरा वर्षे असे चालले की मुलगा बोलायचेच सोडून देतो. त्यापेक्षा जंगली महाराज रस्त्यावरच्या संभाजी उद्यानातल्या एखाद्या बाकावर किंवा शुभार्थी सुचवेल तिथे भेटावे, आणि रात्रीच्या औषधांची गुंगी सकाळी उशिरापर्यंत टिकत असेल तर दुपारची वेळ घ्यावी. जुनी फाईल मागू नये. 'तुम्हाला काय होतंय?' याऐवजी 'तुम्हाला काय करावंसं वाटतंय?' असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. ही शांतता कधीकधी चार-पाच मिनिटांची असते, आणि ती सहन करता येणे हे या कामातले सर्वांत अवघड कौशल्य आहे, असे माझे मत आहे.

माझ्यासोबत काम करणाऱ्या कोथरूडच्या एका शुभार्थी गृहस्थांनी अशाच शांततेनंतर सांगितले, 'अप्पा बळवंत चौकात जाऊन स्वतः पुस्तक विकत घ्यायचंय.' गर्दीच्या बसमध्ये त्यांना ऐकू येणारे आवाज वाढत, म्हणून कित्येक वर्षे ते बसमध्ये चढले नव्हते. आम्ही पहिल्या आठवड्यात केवळ कर्वे पुतळ्याच्या थांब्यावर अर्धा तास उभे राहून बस येताना-जाताना पाहिल्या. पुढच्या आठवड्यात गर्दी ओसरल्यावर, अकराच्या सुमारास, नळ स्टॉपपर्यंत गेलो. ते खिडकीशी बसले, मी मागच्या बाकावर. आवाज वाढले तर पुढच्या थांब्यावर उतरायचे आणि त्याला हार म्हणायचे नाही, असे आधीच ठरलेले होते. तिकिटाचे पैसे त्यांनीच दिले. त्यांची मूठ इतकी घट्ट आवळलेली होती की सुटे पैसे घामाने ओले झाले होते. ध्येय मोठे असले तरी पायरी इतकी लहान ठेवावी की ती या आठवड्यात चढता येईल, आणि तिची लांबी आपल्या उत्साहाने न ठरवता शुभार्थीच्या पायांनी ठरवावी.

दोन-तीन महिन्यांत, म्हणजे ओळख पुरेशी झाल्यावर आणि प्रकृती स्थिर असताना, पुन्हा त्रास वाढू लागल्याच्या खुणा एका कागदावर उतरवाव्यात. सलग दोन रात्री झोप न येणे, आंघोळ टाळणे, फोन बंद ठेवणे, अशा खुणा प्रत्येकाच्या निराळ्या असतात. म्हणून त्या शुभार्थीच्याच शब्दांत, जमल्यास त्याच्याच अक्षरात असाव्यात. अशा वेळी कोणाला बोलवावे आणि कोणाला बोलवू नये, हेही त्यात लिहावे. याच टप्प्यावर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ समजावून सांगावा: पुढे निर्णयक्षमता कमी झाली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, याचे आगाऊ निर्देश देण्याचा आणि स्वतःचा प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार प्रत्येक सज्ञान व्यक्तीला त्याने दिला आहे.

औषधाबाबत कोचने आपली मर्यादा कधीही ओलांडू नये. 'गोळी बंद करू का?' या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणू नये. वजन वाढणे, हात थरथरणे, दिवसभर झोप येणे अशा तक्रारी लिहून काढायला मदत करावी आणि शुभार्थीची इच्छा असेल तर डॉक्टरांकडे सोबत जावे, पण बोलू त्यालाच द्यावे. मरणाचा विषय निघाला तर तो टाळू नये. तसा विचार मनात येतो का, हे स्पष्ट विचारावे; धोका दिसत असेल तर त्याला एकटे सोडू नये आणि त्वरित वैद्यकीय मदत मिळवावी. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची १४४१६ ही मोफत सेवा चोवीस तास उपलब्ध असते.

दिव्यांग प्रमाणपत्राविषयी घाई करू नये. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये मानसिक आजाराचा समावेश आहे आणि ४० टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी नोकरीतील आरक्षणासारखे लाभ मागता येतात; परंतु हा शिक्का आपल्या नावावर हवा की नको, याविषयी काहींच्या मनात खोल दुःख असते. माहिती पूर्ण द्यावी, अर्ज भरायला सोबत बसावे, निर्णयासाठी तगादा लावू नये.

भेटी हळूहळू विरळ कराव्यात: आठवड्याची पंधरवड्यावर, मग महिन्यावर. कोथरूडच्या त्या गृहस्थांनी एका गुरुवारी फोन करून सांगितले की आज भेट नको, कारण ते बसने चौकात निघाले होते.