निवेदन दिलं, फोटो काढला, पुढं काय? या चुका टाळा

दसरा चौकातनं मोर्चा, कलेक्टर ऑफिसला निवेदन, ग्रुपवर फोटो आणि मग सगळे गप. कोल्हापुरात आंदोलनाला माणसं कधी कमी पडत नाहीत, तरी मागणी अडकते, कारण सही कुणाची लागते हेच आधी शोधलेलं नसतं.

सर्किट बेंचचं बघा, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं कोल्हापुरात बसणारं बेंच. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे वकील कित्येक वर्षं लढले आणि १८ ऑगस्ट २०२५ ला कामकाज सुरू झालं. सरकारचा पाठिंबा लागतोच, पण राज्य पुनर्रचना कायदा १९५६, कलम ५१(३) प्रमाणं बेंच कुठं बसवायचं हा अधिकार हायकोर्टाच्या मुख्य न्यायमूर्तींचा, राज्यपालांच्या मान्यतेनं. त्यामुळं नुसतं मंत्र्यांना घेराव घालून हे होणारं नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे मोघम मागणी, आणि ही लई महागात पडते. ‘पंचगंगा वाचवा’ ही घोषणा झाली ओ, यावर साहेब सही कशावर करणार? त्यापेक्षा लिहा की जयंती नाल्याचं सांडपाणी उपसणारा पंप बंद पडला की मैला थेट नदीत जातो, तिथं जादा पंप आणि जनरेटर कायम चालू स्थितीत ठेवा, खर्च यंदाच्या बजेटमध्ये धरा. आणि हे मार्च उलटल्यावर देऊ नका, महापालिकेचे आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढं ठेवतात, तिथनं ते महासभेत जातं, त्यामुळं डिसेंबर-जानेवारीतच आपला कागद आत गेलेला पाहिजे.

माहिती अधिकारात ‘काम का झालं नाही?’ विचारून काही हाती लागत नाही. टिप्पणीची, म्हणजे फाईलवर अधिकाऱ्यांनी लिहिलेल्या शेऱ्यांची प्रत मागा, पंप बंद असल्याच्या तारखांचं लॉगबुक मागा. १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर, आणि महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, तोही १५० शब्दांत.

ज्यांच्या पोटावर पाय येणाराय त्यांना वगळून मागणी करू नका. रंकाळा तलावावरच्या फेरीवाल्यांच्या गाड्या हलवायच्या म्हटलं तर २०१४ च्या फेरीवाला कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, तिच्यात किमान ४० टक्के फेरीवाल्यांचे प्रतिनिधी लागतात, मग आधी त्यांच्याशीच बसून बोला की.

आणि निवेदनाच्या आपल्या प्रतीवर आवक शिक्का, नंबर, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पंधरवड्यानं परत गेल्यावर तोच नंबर सांगायचा आणि फाईल कुठल्या टेबलावर आहे ते विचारायचं.